आमची वाटचाल: मॅश टन, फॉल्स बॉटम आणि आमचं छोटं वर्कशॉप

मॅश अडकला की लोक पहिली शिवी फॉल्स बॉटमला घालतात. घरी बिअर करताना भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, गरम पाण्यात भिजवतात, तो मॅश, आणि ते भांडं म्हणजे मॅश टन. त्यातला गोड रस, म्हणजे वर्ट, तळाच्या भोकं पाडलेल्या प्लेटमधून, म्हणजे फॉल्स बॉटममधून, खाली उतरायचा थांबला की मॅश अडकला. शिकागोच्या पश्चिमेला एका उपनगरात आमचं वर्कशॉप आहे, कूलर (गरम-गार टिकवणारा जाड भिंतीचा डबा) आणि केटलसाठी (उकळायचं भांडं) फॉल्स बॉटम, डिप ट्यूब (तळातलं वर्ट बाहेर नेणारी नळी), बल्कहेड (भांड्याच्या भिंतीतला नळाचा जोड) बनवणं आणि लोकांच्या बिघडलेल्या सिस्टिम लावून देणं एवढाच आमचा धंदा, आणि एवढ्या वर्षांत हजारदा पाहिलंय की प्लेट धुतल्यावर साफ निघते आणि खरं दुखणं सापडतं ते माल्ट भरडायच्या मिलमध्ये. तरीही एक काळ असा आला की सगळ्या गावाचं खापर आमच्याच प्लेटवर फुटलं आणि शटर खाली ओढायची वेळ आली. ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं म्हणून हे लिहितोय.

शीट मेटल मी भोसरीत शिकलो, शिअरिंग, बेंडिंग, टिग वेल्डिंग सगळं तिथलंच. इकडे आल्यावर मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या, गॅरेजमध्ये सुरुवात केली, दादाचे मित्र घरी बिअर करायचे (इथे 1979 पासून फेडरल कायद्याने परवानगी आहे, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला 200 गॅलनपर्यंत, विकायची मात्र नाही) आणि त्यांच्या दहा गॅलनच्या गोल कूलरमध्ये सिंकखालच्या पाइपची स्टीलची जाळी लावलेली असायची. गरम मॅशमध्ये ती जाळी चपटी व्हायची आणि धार बंद. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं घातलं तर ती टिकते, ज्यांच्याकडे अजून जाळीच आहे त्यांनी ते करून बघावं, त्यासाठी माझ्याकडून काही विकत घ्यायची गरज नाही. पण मला तेव्हाच वाटलं की इथे एक नीट प्लेट पाहिजे.

आमची प्लेट पहिल्यापासून 304 स्टेनलेस, 18 गेज, म्हणजे जवळपास 1.2 मिमी. भोकं 3/32 इंची, 5/32 च्या अंतरावर, तिरक्या ओळीत. त्यात साधारण 33 टक्के भाग मोकळा मिळतो. लोक म्हणतात भोकं वाढवा, धार वाढेल. नाही वाढत. गाळण्याचं काम भरडलेल्या माल्टची तूस करते, प्लेट फक्त तिला उचलून धरते. म्हणून प्लेट वाकता कामा नये, एवढं एकच तिचं काम आहे आणि त्यासाठी जाडी लागते.

मधली वर्षं बरी गेली. 2018 च्या मार्चमध्ये बाहेरच्या स्टीलवर 25 टक्के टॅरिफ लागला, तो लागला बाहेरच्या मालावर पण भाव इथल्या स्टील गिरणीच्या पत्र्याचाही चढला. आम्ही जाडी कमी केली नाही. सौ. हिशोब बघते, तिने स्पष्ट सांगितलं की या भावात विकलं तर मजुरीही सुटत नाही, तरी आम्ही दोघांनी ठरवलं की 18 गेजच राहणार. त्याच सुमाराला एका मोठ्या ऑनलाइन दुकानाने, जे आमच्याकडूनच माल घेऊन विकायचं, ऑर्डर थांबवली. थोड्या दिवसांनी त्यांच्याकडे हुबेहूब आमच्यासारखी प्लेट आली. तोच व्यास, तेच बिजागर, डिप ट्यूबचं तेच नव्वद अंशाचं वळण. किंमत आमच्या निम्म्यापेक्षा कमी. फोटो मात्र आमच्याच प्लेटचा, आमच्या बेंचवर काढलेला, आमच्या नावासकट.

मग फोन सुरू झाले. तुमच्या प्लेटखाली दाणे जातात. तुमची प्लेट आली तेव्हापासून प्रत्येक मॅश अडकतो. लोक आम्हाला ओळखायचे, त्या दुकानाला नाही, म्हणून राग आमच्यावर. पैसे परत मागणारेही आले आणि काहींना आम्ही दिले, आमचा माल नसताना दिले, कारण भांडायला ताकद नव्हती. दादाने हात वर केले आणि तो बाहेर पडला. त्याचा हिस्सा द्यायला सौ.ने दागिने मोडले. यावर जास्त लिहीत नाही.

इथे आमच्या आजोबांबद्दल लिहिलंच पाहिजे. आजोबा म्हणजे आमची मुलं त्यांना तसं म्हणतात, गोरे गृहस्थ, निवृत्त टूल अँड डाय मेकर, आमच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांना कोणीतरी सांगितलं की आमचा माल घसरलाय. ते फोन न करता शेजाऱ्याची ती अडकणारी प्लेट घेऊन थेट आले, खिशातून मायक्रोमीटर काढला आणि कडेला लावला, 0.024 इंच. मग भिंतीवरची आमची प्लेट काढली, 0.048. बरोबर निम्मी जाडी. मग त्यांनी त्या प्लेटवर स्टील रूल आडवी ठेवली, मागे टॉर्च धरला, आणि मधोमध रूलच्या खालून उजेडाची फट दिसली, प्लेट खाली झोळ घेऊन बसली होती. पाच गॅलनच्या बॅचला दहाबारा पौंड माल्ट, वर पाणी, आणि कोणी व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडला की खालचं वर्ट ओढलं जातं, थर दाबला जातो आणि सगळं वजन पत्र्यावर येतं. पातळ पत्रा मध्ये दबतो, कड उचलते, कडेखालून दाणे शिरतात आणि डिप ट्यूबचं तोंड बंद. आजोबांनी हे सगळं कागदावर हाताने काढलं, मापं लिहिली, खाली सही केली आणि त्यांच्या ब्रू क्लबमध्ये दोन्ही प्लेटा टेबलावर ठेवून दाखवलं. त्यांना आम्ही एक पैसा दिला नाही, त्यांनी घेतलाही नसता. त्या क्लबातून हळूहळू गिऱ्हाईक परत आलं.

त्या फोनांमधून एक गोष्ट मात्र झाली, लोकांचे खरे प्रॉब्लेम आमच्याकडे जमा झाले. म्हणून सांगतो. आधी मिलच्या रोलरमधली फट फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पट्ट्यांनी) मोजा, दोन रोलरच्या मिलला 0.039 इंच म्हणजे 1 मिमी ही चांगली सुरुवात, क्रेडिट कार्ड घालून फट लावतात ती 0.030 च्या आसपास येते, पिशवीत मॅश करणाऱ्याला चालते, फॉल्स बॉटमवाल्याचं पीठ होतं. गहू, राय, ओट्स जास्त असतील तर भाताचं तूस मिसळा, ते चव देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवतं. आमच्याकडे मावळात भातगिरणीच्या मागे त्याचे ढीग असायचे, इथे ते पौंडावर विकत मिळतं. अडकलाच तर व्हॉल्व्ह बंद करा, खालून थोडं गरम पाणी चढवा, वरचा थर हलवा, दहा मिनिटं थांबा आणि व्हॉल्व्ह पाव भागच उघडा. फुंकर मारू नका, पंपाचा वेग वाढवू नका.

दुसरी तक्रार टेम्परेचरची, आणि ती जानेवारीत येते. माल्टची पोती गॅरेजमध्ये, तिथे 35 फॅरनहाइट, आणि हिशोब केलेला असतो 65 चा. माल्टच्या पौंडाला सव्वा क्वार्ट (क्वार्ट म्हणजे पाव गॅलन) पाणी धरलं तर मॅशला 152 गाठायला 65 च्या माल्टला 166 चं पाणी लागतं, 35 च्या माल्टला जवळपास 171 लागतं. 166 चंच ओतलं तर मॅश 148 वर बसतो, त्यात कूलर आधी गरम केला नसेल तर आणखी खाली, आणि मग बिअर पातळ आणि कोरडी झाली म्हणून यीस्टला नावं ठेवतात. पोतं आदल्या रात्री घरात आणा. डायल थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवा, 32 दाखवत नसेल तर मागचा स्क्रू फिरवा. पंप लावून मॅश फिरवणाऱ्यांनी प्रोब (टेम्परेचर मोजणारी सळई) हीटरच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी ठेवावा, भांड्यात नाही, नाहीतर भांडं गरम व्हायच्या आत हीटरच्या ट्यूबमधलं वर्ट जास्त तापून स्टार्चची साखर करणारे एंझाइम मरतात.

पाण्याचं थोडक्यात. लेक मिशिगनचं पाणी मॅशला बरं आहे, अल्कलिनिटी शंभर पीपीएमच्या आसपास. विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी फिकट बिअर करायच्या आधी रिपोर्ट मागवावा, मॅशचं पीएच 5.2 ते 5.6 मध्ये पाहिजे, आणि मोजताना नमुना गार करून मोजा, मीटरवर टेम्परेचर करेक्शन लिहिलंय म्हणून गरम वर्टात बुडवू नका, ते करेक्शन इलेक्ट्रोडचं असतं.

आता ऑल-इन-वन इलेक्ट्रिक मशीनं, एकाच भांड्यात मॅश आणि उकळणं करणारी, आली आहेत आणि कूलरवाले कमी झालेत. आम्ही ती विकत नाही, पण त्यांच्या माल्ट पाइपसाठी (माल्ट ठेवायचं आतलं नळकांडं) तळाची प्लेट बनवतो, 18 गेजमध्येच, कारण तिथेही पीठ खाली उतरून हीटरवर जळतं आणि ड्राय-फायरचं (हीटर फार तापला की वीज तोडणारं) बटण उडतं, मग लोक समजतात मशीन गेलं. आधी तळ घासून बटण दाबून बघा. आजोबा शनिवारी येतात, बेंचजवळ बसतात, कोणाची मिल आली की फट तेच लावतात.

त्या दुकानाने ती पातळ प्लेट कधीच यादीतून काढली. आमच्या बेंचवरचा फोटो मात्र त्यांच्या जुन्या पानावर अजून आहे, खाली लोकांच्या तक्रारी, आणि त्या तक्रारींत आमचं नाव. फोटो काढा म्हणून मी मेल केले, सौ.नेही केले, एका ओळीचं उत्तर आलेलं नाही. पुन्हा पाठवतोय, यावेळी आजोबांच्या सहीचा कागद जोडून.