चेंडू फरशीखाली गेला

"मावशी, तुझा चेंडू फरशीतून खाली गेला!" भाची स्क्रीनकडे बघून हसत सुटली.

खरंच गेला होता. मी कॉम्प्युटरवर उसळणाऱ्या चेंडूचा प्रोग्रॅम लिहीत होते, त्यातला हा चेंडू. १ मीटरवरून सोडलेला, दर टप्प्याला वेग ०.८ पट. हवेत असेपर्यंत साधं विकलक समीकरण, म्हणजे वेग क्षणाक्षणाला कसा बदलतो ते सांगणारं. जमिनीला टेकला की वेग एका झटक्यात उलटा. गोची त्या झटक्यातच. कागदावर हा चेंडू साधारण ४ सेकंदांत अनंत टप्पे घेतो! टप्पे इतके बारीक होत जातात की प्रोग्रॅमला टेकण्याचा क्षण सापडतच नाही. मग काय, चेंडू निवांत पाताळात.

शेवटी एक ओळ घातली: वेग अगदी कमी झाला की थांब. चाललं. पण ती ओळ माझी, समीकरणाची नव्हे. हेच दिवसभर टोचतंय.

भाचीनं खरा चेंडू टाकून दाखवला. "हा बघ, थांबला की."

नक्की कधी थांबला गं?