डर्बीशरचा बूट सेल आणि जुनी सुतारी हत्यारं

गेल्या उन्हाळ्यात नाशिकहून माझा मेहुणा आला होता. लाकूडकाम हा त्याचा जीव की प्राण. मग एका रविवारी आम्ही दोघं इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या एका कार बूट सेलला (इथे बूट म्हणजे गाडीची डिकी) गेलो, फक्त जुनी हत्यारं बघायला. मांडणी साधी असते. विक्रेते थोडे पैसे भरून गाडी गवताच्या रानात आणतात, डिकी उघडतात, पुढे घडीचं टेबल लावतात आणि घरात नको झालेलं सगळं त्यावर मांडतात. हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला तर गाड्या रुततात म्हणून सेल रद्दही होतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी कराच. पायात गमबूट असू द्या, सकाळी सहा-सातच्या सुमाराला गवत दवानं चिंब असतं.

हा भाग मुद्दाम निवडला होता. शेफिल्ड इथून जवळ. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समननं तिथे मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली आणि पुढची दोनशे वर्षं जगभरचे सुतार शेफिल्डच्या पटाश्या आणि करवती वापरत राहिले. जुन्या पात्यावर ‘कास्ट स्टील’ असा छाप दिसला की ते हेच मुशीतलं पोलाद. अशी हत्यारं या भागातल्या घरोघरच्या शेडमध्ये पडून आहेत. आजोबा गेले, घर विकायला काढलं, की ती डिकीतून बाहेर येतात.

म्हणूनच माझा पहिला सल्ला: चकचकीत घासून, किमतीच्या चिठ्ठ्या लावून मांडलेल्या टेबलांपाशी फार वेळ घालवू नका. ते व्यापारी असतात, त्यांना भाव पक्का ठाऊक असतो. कपबशा, लहान मुलांचे कपडे, जुने दिवे असं मिश्र सामान जिथे दिसेल तिथे टेबलाखाली वाका. बादली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, खोका, त्यात हत्यारं असतात. आणि तोंडानं विचारा, ‘एनी ओल्ड टूल्स?’ आम्ही एका वयस्क जोडप्याला असंच विचारलं तर आजोबांनी गाडीच्या मागच्या सीटवरून एक लाकडी पेटी काढली. आजींचे वडील फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे सुतार. पेटीत लांब, पातळ पात्यांच्या पटाश्या होत्या, काहींची मूठ वर वळवलेली, म्हणजे रुंद फळीच्या मध्यावरही पातं सपाट टेकवता येतं. प्रत्येक मुठीवर त्यांचं नाव ठोकलेलं. पेटी आम्ही घासाघीस न करता अख्खी घेतली. अशा माणसाचा संच फोडणं मला पटलं नसतं, आणि ‘हे वापरणार आहोत’ म्हटल्यावर आजींचा चेहरा फुलला.

आता रंधा, कारण बहुतेक जण त्यासाठीच येतात. बिडाचे रंधे मुबलक मिळतात, स्टॅनली कंपनीचे आणि शेफिल्डच्याच रेकॉर्ड कंपनीचे. नंबर म्हणजे रंध्याचा आकार; नेहमीच्या कामाला ४ नंबर पुरेसा, रेकॉर्डवर तोच ०४ असा कोरलेला असतो. वरचा गंज बघून मागे फिरू नका. तडे बघा. बीड ठिसूळ असतं, रंधा फरशीवर पडला की तळाच्या तोंडापाशी, म्हणजे पातं बाहेर येतं तिथे, किंवा बाजूच्या भिंतीला तडा जातो. तळ बोटानं पुसून उन्हात तिरपा धरा, केसासारखी रेघ दिसली तरी तो रंधा घेऊ नका. पितळी चाक फिरवून पातं पुढेमागे होतं का ते पाहा. मग पातं बाहेर काढू का असं विक्रेत्याला विचारा. पात्याची लांबी शिल्लक हवी, आणि सपाट पाठीला धारेजवळ गंजाचे खड्डे नकोत, कारण धार ही दोन पृष्ठांची भेट असते आणि पाठीला खड्डा असेल तर ती कधीच सलग होत नाही. एखादा स्क्रू नसेल तर भाव कितीही कमी असो, घेऊ नका. स्टॅनलीचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत, हार्डवेअरच्या दुकानातला स्क्रू त्यात बसत नाही. मुठीला चीर असेल तर मात्र हरकत नाही, मूठ चिकटवता येते, नवीही करता येते.

पटाशीलाही पाठीचीच कसोटी. टोकाशी निळसर झाक असेल तर कोणीतरी ग्राइंडरवर तापवून पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरवलेलं आहे, तेवढा भाग घासून काढावा लागतो. करवत डोळ्यासमोर धरून पात्याच्या रेषेत बघा. बाक सौम्य असेल तर निघतो, मुरड पडलेली करवत परत टेबलावर ठेवून द्या. दाते बोथट असले तरी चालतं, कानशीनं पुन्हा लावता येतात.

सुट्टी नाणी आणि पाच-दहाच्या नोटा जवळ ठेवा. सुट्या पटाश्या आम्हाला पौंड-दोन पौंडांना मिळाल्या, रंधे दहाच्या आसपास. एकाच टेबलावरून तीन-चार वस्तू एकत्र घेतल्या की भाव आपसूक खाली येतो. घेतलेली पाती जाड कापडात गुंडाळा आणि सरळ घरी न्या. इथे सार्वजनिक ठिकाणी कारणाशिवाय धारदार वस्तू बाळगणं गुन्हा आहे, पटाश्या गाडीत महिनोन्महिने पडू देऊ नका.

जमलं तर आधी शेफिल्डच्या केलम आयलंड संग्रहालयात जा. केन हॉली या हत्यारांच्या दुकानदारानं आयुष्यभर जमवलेला संग्रह तिथे आहे. मार्पल्स, सॉर्बी, टायझॅक या शेफिल्डच्या हत्यारं बनवणाऱ्यांचे छाप तिथे एकदा नीट पाहिले की खोक्यातही ओळखू येतात. वार आणि वेळ आधी पाहून घ्या.

घरी आल्यावर गंज काढायला लिंबूसत्त्वाचं (सायट्रिक ॲसिडचं) पाणी करा, लिटरला पन्नास ग्रॅम. लाकूड आणि पितळ आधी सोडवून ठेवा. लोखंड त्यात काही तास बुडवा, मधूनमधून ब्रशनं घासा आणि गंज सुटला की लगेच काढा, जास्त राहिलं तर चांगलं पोलादही खाल्लं जातं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, तत्काळ कोरडं करून तेल लावा. ओलं ठेवलंत तर तासाभरात पुन्हा तांबूस होतं.

भारतात नेणार असाल तर सगळं चेक-इनच्या बॅगेत, पाती वेगळी काढून पुठ्ठ्यात बांधलेली. केबिनमध्ये पटाशी नेऊ देत नाहीत. वजनाचा हिशेब आधी करा: ४ नंबरचा रंधा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो, ७ नंबरचा साडेतीन किलोच्या आसपास. मेहुण्यानं पटाश्यांची पेटी आणि ४ नंबर नेला. ७ नंबर माझ्याकडे आहे, तो पुढच्या खेपेला नेईल.