डोंगर नसलेल्या गावात

लायडनला आमच्या वरच्या मजल्यावर एक बाली बाई राहते. मी तिला म्बोक म्हणते, म्हणजे ताई. लग्न होऊन नेदरलँड्सला आली त्याला वीस वर्षं झाली. 'मी बालीची' म्हटलं की समोरचे लोक तिथल्या आपल्या सुट्टीचे फोटो दाखवायला लागतात. 1908 साली डच बंदुकांसमोर बालीतल्या क्लुंगकुंग राज्याचा राजा आपल्या माणसांसह मरणाला सामोरा गेला, हे कुणी काढत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

रोज सकाळी ती चनांग करते. चनांग म्हणजे पानाची छोटी चौकोनी परडी, आत फुलं आणि वर उदबत्ती. तिकडे नारळाची कोवळी पानं लागतात. इथे टोकोत, म्हणजे इंडोनेशियन दुकानात, केळीची गोठवलेली पानं मिळतात. मी पातोळ्यांसाठी आणते तीच! पहिल्यांदा तिला पान टाचताना पाहिलं आणि आजीचे द्रोण आठवले.

पांढरं फूल पूर्वेला, लाल दक्षिणेला, पिवळं पश्चिमेला. पण तिची खरी अडचण वेगळीच. बालीत देवघराची जागा 'काजा' बघून ठरते, म्हणजे डोंगराकडची बाजू. तिच्या माहेरी ती गुनुंग आगुंगकडे. आणि इथे सगळा देश सपाट! शेवटी तिने पूर्वेचा कोपरा धरला. "सूर्य तरी तिकडूनच उगवतो," म्हणाली.

जुलै 2023 मध्ये क्लुंगकुंगची क्रिस, म्हणजे राजघराण्याची कट्यार, डच सरकारने इंडोनेशियाला परत दिली. तो समारंभ आमच्याच गावच्या संग्रहालयात झाला. त्या संध्याकाळी म्बोकने आईला फोन लावला. आईने एकच विचारलं, "निघण्याआधी कट्यारीपुढे नैवेद्य ठेवला होता का?" म्बोकला ते ठाऊक नव्हतं. ती बराच वेळ फोन हातात धरून बसून राहिली.

गालुंगान, म्हणजे पितर घरी येण्याचा बालीतला सण, दर 210 दिवसांनी येतो, तोही नेहमी बुधवारी. त्यामुळे प्रत्येक वेळी ऑफिसात रजा मागून तो काय सण आहे ते नव्याने सांगावं लागतं. दहा दिवसांनी कुनिंगान, तो मात्र शनिवारी. पितर दुपारी परत जातात, म्हणून पूजा त्याआधी आटपायची. नैवेद्याला पिवळा भात हवाच. या वेळी हळद माझी, आईने सांगलीहून पाठवलेली. डबा काल वर देऊन आले.