रिचार्जचा रोजचा भाव आणि फोनचं उरलेलं आयुष्य

मोबाईलचा खर्च कमी करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी स्वस्त फोन शोधायला लागतात. माझ्या मते सुरुवात रिचार्जपासून करावी. फोन काही वर्षांतून एकदा घेतला जातो, रिचार्ज मात्र वर्षभर चालूच असतो आणि त्यात जाणारे जास्तीचे पैसे लक्षातही येत नाहीत.

प्लॅन निवडताना नुसत्या किमतीवर जाऊ नका. किमतीला वैधतेच्या दिवसांनी भागा आणि येईल तो आकडा ३६५ ने गुणा. हा झाला त्या प्लॅनचा वर्षाचा खर्च. २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा वाटतो, पण तो वर्षातून १२ वेळा नव्हे, १३ वेळा मारावा लागतो, कारण १३ गुणिले २८ म्हणजे ३६४. त्यामुळे ३० दिवसांचा प्लॅन ७ टक्क्यांनी महाग दिसला, तरी रोजचा भाव सारखाच पडतो. ८४ दिवसांचा प्लॅन २८ दिवसांच्या बरोबर तिप्पट असतो. तो तिप्पट किमतीपेक्षा जितका कमी, तितकीच खरी बचत. कधी हा फरक नगण्य निघतो, तर कधी लांबच्या प्लॅनमध्ये रोजचा डेटाच कमी दिलेला असतो.

वर्षभराचा प्लॅन रोजच्या भावात सहसा सगळ्यात स्वस्त पडतो, पण नव्या कंपनीचं सिम घेतल्याबरोबर तो मारू नका. मध्येच नंबर पोर्ट केला की उरलेले दिवस बुडतात. आधी सगळ्यात कमी दिवसांचा प्लॅन घ्या आणि घरातल्या सगळ्या खोल्यांत, कामाच्या जागी, येण्याजाण्याच्या वाटेवर रेंज बघा. दुसऱ्या कंपनीचे टॉवर भाड्याने घेऊन चालणाऱ्या स्वस्त कंपन्या असतात, त्यांच्या बाबतीत तर ही चाचणी संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीच करावी. रेंजच्या दांड्या मूळ कंपनीइतक्याच दिसतात, पण टॉवरवर ताण आला की अनेकदा अशा ग्राहकांचा वेग आधी कमी केला जातो.

आता डेटा. आपल्याला लागतो किती, हे अंदाजाने ठरवू नका, फोनलाच विचारा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्कच्या भागात सिमनुसार डेटा वापर दिसतो. तिथे एक अडचण येते: हे मीटर महिन्याच्या ठरावीक तारखेला शून्यावर येतं आणि २८ दिवसांचा प्लॅन दर वेळी दोन-तीन दिवस अलीकडे सरकतो. दोन-तीन रिचार्जनंतर मीटर आणि प्लॅनचा मेळ राहत नाही. म्हणून रिचार्ज केला की मीटरची तारीखही बदला. आयफोनमध्ये 'चालू कालावधी'चा आकडा सहसा आपोआप शून्यावर येत नाही, तो मागच्या रीसेटपासूनचा असतो. मोबाईल डेटाच्या पानावर अगदी तळाशी रीसेटचं बटण आहे, ते रिचार्जच्या दिवशी दाबायचं.

हा आकडा हाती आला की रोजच्या कोट्याचा प्लॅन घ्यायचा की एकगठ्ठा डेटाचा, हे ठरवता येतं. समजा, कोणी आठवड्याचे सहा दिवस अर्धा जीबी वापरतं आणि सुट्टीच्या दिवशी तीन जीबी. म्हणजे आठवड्याला ६ जीबी आणि २८ दिवसांत २४. रोज १.५ जीबीच्या प्लॅनमध्ये कागदावर ४२ जीबी मिळतात, तरी सुट्टीच्या दिवशी दुपारीच कोटा संपतो आणि बाकीच्या दिवसांचा उरलेला डेटा रोज रात्री वाया जातो. अशा माणसाला २५ जीबीचा एकगठ्ठा पॅक पुरतो. पण असा माणूस सहसा रोज २ जीबीच्या प्लॅनवर उडी मारतो आणि तरीही सुट्टीच्या दिवशी अडकतो. कोटा संपल्यावर लगेच टॉप-अपही मारू नका. कित्येक प्लॅनमध्ये त्यानंतर ६४ केबीपीएसचा वेग चालू राहतो. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीचा फोटो यायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो, पण मजकुराचे मेसेज जातात-येतात. संध्याकाळ काढायला तेवढं पुष्कळ आहे.

डेटा सगळ्यात जास्त खातो तो व्हिडिओ. नेटफ्लिक्सचेच आकडे घ्या: सगळ्यात खालच्या दर्जाला तासाला सुमारे ०.३ जीबी, मधल्याला ०.७ आणि एचडीला ३ जीबीपर्यंत. सहा इंचांच्या पडद्यावर मधला दर्जा पुरेसा असतो. यूट्यूबमध्ये मोबाईल नेटवर्कसाठी दर्जा वेगळा ठरवता येतो, तो एकदाच 'डेटा सेव्हर'वर टाकून ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये स्टोरेज आणि डेटाच्या पानावर मीडिया आपोआप डाउनलोड होणं मोबाईल डेटासाठी बंद करा. प्ले स्टोअरचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवा. आयफोनवाल्यांनी मोबाईल डेटाच्या पानावर तळाशी असलेलं 'वाय-फाय असिस्ट' जरूर बघावं. वाय-फाय कमजोर झालं की ते गुपचूप मोबाईल डेटा वापरायला लागतं. घरात वाय-फाय असूनही डेटा संपतो, ही तक्रार बऱ्याचदा इथे मिटते.

फोनच्या बाबतीतही हिशोब तोच, फक्त दिवसांऐवजी महिने धरायचे. किमतीला सिक्युरिटी अपडेटच्या (सुरक्षेतल्या त्रुटी बुजवायला कंपनी पाठवते ती) उरलेल्या महिन्यांनी भागायचं. ही मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जाते, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या नव्या फोनचं एक वर्ष आधीच गेलेलं असतं. गूगलने पिक्सेल ८ ला (२०२३) आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ ला (२०२४) सात-सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं आहे. असा दोन-तीन वर्षं वापरलेला फोन दोनच वर्षं अपडेट मिळणाऱ्या कोऱ्या फोनपेक्षा महिन्याच्या भावात स्वस्त पडू शकतो. अँड्रॉइडवर फोनच्या माहितीच्या पानावर शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. ती सहा महिन्यांपूर्वीची असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर तो फोन सोडून द्या.

वापरलेला फोन घेताना घाई अजिबात नको. डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, पडद्यावर येईल. तो खोक्यावरच्या आकड्याशी जुळवा आणि चोरीच्या यादीत नाही ना, हे पैसे देण्याआधी तपासा. मग विकणाऱ्याला त्याचं खातं काढून समोरच रीसेट करायला सांगा. आयफोनवर आधी ॲपल खात्यातून साइन आउट करावं लागतं. अँड्रॉइड सेटिंग्जमधूनच रीसेट करायचा, बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून केला तर जुन्या खात्याचं कुलूप तसंच राहतं. फोन पुन्हा सुरू झाल्यावर मागच्या मालकाचा पासवर्ड मागत असेल, तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

त्यानंतर स्वतःचं सिम घालून कॉल लावा. ही पायरी लोक हमखास टाळतात. जिथे ३जी आणि २जी बंद झालं आहे, तिथे सगळे कॉल ४जी-५जीवरून जातात आणि त्यासाठी सिमच्या कंपनीचं व्होल्टी (४जीवरून कॉल करायची सोय) त्या मॉडेलवर चालावं लागतं. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये इंटरनेट झकास चालतं आणि कॉल मात्र लागत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. आयफोनमध्ये 'अबाउट'च्या पानावर कॅरिअर लॉकची ओळही बघा, सिमवर कोणतंही बंधन नाही असं तिथे लिहिलेलं हवं.

बॅटरीच्या उरलेल्या क्षमतेची टक्केवारी आयफोनमध्ये सेटिंग्जमध्येच दिसते. ॲपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर आणि १५ पासूनच्या १००० नंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के धरून राहतात. टक्केवारी ८० च्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. फोन सपाट टेबलावर पालथा ठेवून बोटाने कोपरे दाबा. तो डुलत असेल किंवा पडद्याची कड उचललेली दिसत असेल, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे, तो घेऊ नका. ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) पडदा असेल तर करड्या रंगाचं कोरं चित्र पूर्ण पडदाभर उघडा. कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची पुसट सावली दिसली, तर ती बहुधा कायमची आहे.

आहे तोच फोन संथ झाला असेल, तर नवा घेण्याआधी दोन गोष्टी करा: स्टोरेजचा निदान दहावा भाग रिकामा करा आणि बॅटरी बदला. दमलेली बॅटरी जास्त प्रवाह देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडू नये म्हणून काही मॉडेल प्रोसेसरचा वेग मुद्दाम उतरवतात. नवी बॅटरी बसली की वेग परत येतो. पुढे ती टिकवायची तर उष्णतेपासून जपा. उशीखाली चार्जिंग नको, आणि ८० टक्क्यांची मर्यादा लावायची सोय असेल तर ती लावा.

नवाच फोन हप्त्यांवर घ्यायचा असेल, तर बिनव्याजी हप्त्याला होकार देण्याआधी एकरकमी किंमत विचारा. दोन्हींतला फरक म्हणजे व्याज, त्यात प्रोसेसिंग शुल्क मिळवा. प्लॅनसोबत 'फुकट' मिळणाऱ्या फोनचंही तसंच: त्या प्लॅनच्या हप्त्यातून नुसत्या सिमच्या तशाच प्लॅनची किंमत वजा करा आणि कराराच्या महिन्यांनी गुणा. ही फोनची खरी किंमत.

दुसरं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी असेल, तर त्यावर डेटाचा प्लॅन मारू नका, नंबर चालू ठेवणारा सगळ्यात छोटा रिचार्ज शोधा. मात्र त्याची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये आठवडाभर आधीच्या आठवणीसह टाका. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. हाच नंबर ई-सिमवर (वेगळं कार्ड नसलेलं, फोनमध्येच साठवलेलं सिम) असेल, तर फोन रीसेट करताना ई-सिम काढायचं की ठेवायचं, असा प्रश्न येतो. फोन स्वतःकडेच ठेवणार असाल तर 'ठेवा' निवडा. विकणार असाल तर आधी ते नव्या फोनवर हलवा, तिथे एक ओटीपी मागवून बघा आणि मगच जुना फोन रीसेट करा.