उतारावरचे दहा यार्ड

माझी नोकरी सर्वेक्षणाची. कालव्यांच्या कामावर लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) लावण्यात आणि स्टाफ (आकडे लिहिलेली उभी पट्टी) वाचण्यात वीस वर्षं गेली. त्यामुळे गोल्फ शिकायला घेतलं तेव्हा निदान अंतराच्या बाबतीत तरी मी चुकणार नाही, असं वाटत होतं. नागपूर तसं सपाट, त्यामुळे बहुतेक होलवर ते खरंही ठरलं. पण आमच्या कोर्सवर एक पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल, टेकडीवरून खाली मारायचा आहे. त्याने मला वर्षभर छळलं.

रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचा लेसर, होलच्या झेंड्यावर धरला की 120 यार्ड दाखवायचा. माझी सिक्स आयर्न (क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्यांपैकी एक) 120 जाते. तरी चेंडू दर वेळी ग्रीन (झेंड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) ओलांडून मागच्या गवतात.

सवयीने पहिला संशय तिरक्या अंतरावर गेला. लेसर टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, झेंड्यापर्यंतची तिरकी रेघ मोजतो, आडवं अंतर त्याहून कमी भरतं. एका सोमवारी कोर्स रिकामा असताना परवानगी काढून ऑटो लेव्हल लावली. चार मीटरचा स्टाफ, दोन चेंज पॉइंट (लेव्हल पुढे हलवताना स्टाफ धरायच्या मधल्या जागा). उतार निघाला नऊ मीटरला जरा वर, म्हणजे 10 यार्ड. तिथेच बसून कर्णाचं गणित केलं, तर आडवं अंतर आलं 119.6. अर्धा यार्डसुद्धा फरक नाही! माझा चेंडू तर चांगला दहा यार्ड पुढे जात होता.

स्टाफ धरायला आलेले कॅडीकाका, एरवी माझी बॅग उचलणारे, म्हणाले, "मॅडम, झेंड्याच्या लेव्हलला नाही, आपल्या टीच्या लेव्हलला 120 होते ना तुमचे? तिथून बॉल खाली पडते, पन पडता पडता पुढंच जाते."

सगळं उत्तर त्यात होतं. सिक्स आयर्नचे 120 मी सरावाच्या सपाट रेंजवर मोजलेले. इथे तेवढं अंतर कापल्यावर चेंडूच्या खाली जमीनच नाही, ती अजून 10 यार्ड खाली आहे. चेंडू 45 अंशांत उतरत असेल, तर जेवढा खाली तेवढाच पुढे. म्हणून एक यार्ड उताराला एक यार्ड वजा, हा ठोकताळा. पण तो सगळ्या क्लबना सारखा लागत नाही. वेज (चेंडू उंच उडवणारा क्लब) 55 अंशांत उतरली तर त्याच 10 यार्ड उताराला चेंडू सातच यार्ड पुढे जातो. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) चेंडू 35 अंशांत उतरला तर चौदा. कोन जितका चपटा, तितकं जास्त वजा करायचं.

पडताळायला ऑगस्टपर्यंत थांबले. मे महिन्यात आमचं ग्रीन इतकं कडक असतं की चेंडू पडल्याची खूणच उमटत नाही. पावसाळ्यात चेंडू टेकतो तिथे बोटाचं पेर बुडेल एवढा खळगा पडतो, कडेची माती ग्रीनच्या मागच्या बाजूला उचललेली. सेव्हन आयर्नने, म्हणजे सपाटीवर 110 जाणाऱ्या क्लबने, वीस चेंडू मारले आणि टेप लावून खळगे मोजले. नीट बसलेले बहुतेक सगळे झेंड्याच्या तीन-चार यार्डांत होते. एक गोष्ट मात्र जाणवली. चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून बाजूचा वारा त्याला सपाटीपेक्षा जास्त ढकलतो. वीसपैकी चार उजवीकडच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेले ते त्यामुळेच.

हे सगळं टी सपाट असते तिथलं. चेंडूच उतरत्या जमिनीवर असेल आणि तिथून मारायचा असेल तर क्लबचा लॉफ्ट (तोंडाचा कल) कमी होतो, चेंडू कमी उंचीवरून जातो आणि जास्त घरंगळतो. तो हिशेब वेगळा.

उतार धरून अंतर सांगणारे रेंजफाइंडर मिळतात. 2019 पासूनच्या नियमांत अंतर मोजायला सर्वसाधारणपणे परवानगी आहे, पण उंचीतला फरक मोजायला नाही. स्पर्धेत ती सोय बंद ठेवावीच लागते. म्हणून मी स्कोअरकार्डच्या वहीत आमच्या अठराही होलांचे उतार-चढ पायी फिरून, स्वतःच्या अंदाजाने लिहून काढले. गेल्या महिन्याच्या स्पर्धेत त्या होलपुढे लिहिलं होतं: "वजा 10. सेव्हन. वारा बघ." झेंडा डावीकडे झुकलेला होता. उजव्या कडेवर रोखून सेव्हन मारली. काकांनी बॅग उचलली आणि माझ्या आधीच ग्रीनकडे चालायला लागले.