ज्यांचं नाव कव्हरवर नसतं

वेंगुर्ल्यातल्या आमच्या संगीत मंडळाचं स्नेहसंमेलन थंडीच्या दिवसांत होतं. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, अहवाल, शाल-श्रीफळ हे सगळीकडे असतं तसंच आमच्याकडेही असतं. हिशेब मी वाचते. तेवढ्या वेळात वर्गणी थकलेली मंडळी बरोब्बर चहाला बाहेर जातात, हे व्यासपीठावरून छान दिसतं. माझा जीव अडकलेला असतो तो त्यापुढच्या तासात. तो तास सरांचा.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर. तरुणपणी गिरगावात राहून ऑर्केस्ट्रांत गिटार वाजवली, मग गावी परतले आणि जन्मभर प्रकाशाचं परावर्तन शिकवलं. दरवर्षी ते एकच वादक निवडतात, आणि अट अशी की रेकॉर्डच्या कव्हरवर त्याचं नाव नसावं. एका वर्षी अँथनी गोन्साल्विस झाले. १९७७ च्या गाण्यामुळे ते नाव देशभर पाठ झालं, पण तो माणूस खरा होता, गोव्यातल्या माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक आणि प्यारेलाल यांचा गुरू, हे आमच्या सभागृहातल्या निम्म्या लोकांना तेव्हा कळलं. पुढच्या खेपेला भूपिंदर सिंग. गायक म्हणून सगळे ओळखतात, पण ‘दम मारो दम’ची गिटार त्यांची, हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून ‘काय सांगतास!’ असा आवाज आला.

गेल्या संमेलनात सरांनी गिटारवादक बार्नी केसल काढला. कार्यकारिणीत कुरबुर झाली, अमेरिकेतला जॅझवाला आपल्याकडे कशाला म्हणून. त्यात तारीख अशी पडली की त्याच रात्री जवळच्या गावात जत्रा आणि दशावतार. मी दोन महिने आधीच सांगत होते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मुंबईहून आलेले चाकरमानी पुढच्या रांगेत रुमाल टाकून गेले, ते उगवले जेवणाच्या पानावर. असो. आले नाहीत त्यांचं नुकसान.

केसल १९२३ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या मस्कोगी गावचा. बारा वर्षांचा असताना पेपर विकून त्याने पहिली गिटार घेतली. वीस-एकविसाव्या वर्षी, १९४४ मध्ये, तो सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसारख्या जॅझमधल्या दिग्गजांबरोबर दहा मिनिटांच्या एका लघुपटात वाजवत होता. बाकीचे सगळे वादक काळे, गोरा हा एकटा. काळे-गोरे एकत्र बसलेले पडद्यावर दाखवले तर गहजब होईल, म्हणून त्याला अंधारात बसवलं आणि हात जवळून दिसणार तिथे बोटांना बेरीचा रस फासला. इथे सर थांबले. त्यांनी स्वतःचा डावा हात दिव्यासमोर धरला, उलटसुलट केला. पहिल्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, “कोकमाचो रस काय ओ?” सगळे हसले, सरही हसले. पण हात लगेच खाली घेतला नाही.

मग सेशनचं काम, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला पैसे घेऊन वाजवणं. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत तीन तासांची बैठक असायची. समोर कागद ठेवतील तो जागच्या जागी वाचायचा, वाजवायचा, पैसे घ्यायचे आणि गिटार उचलून दुसरा स्टुडिओ गाठायचा. ‘बीच बॉइज’ या अमेरिकन बँडच्या १९६६ च्या गाजलेल्या अल्बमवर हा माणूस वाजला, पण ऐकणाऱ्याला पत्ता नाही. आणि हाच माणूस जॅझच्या मासिकांत वाचकांची मतं मिळवून पहिला यायचा. १९५७ मध्ये बासवादक रे ब्राउन आणि ड्रमवादक शेली मॅन यांच्यासोबत त्याने जी त्रयी केली तिचं नावच ‘पोल विनर्स’, कारण तिघेही त्या कौलांत जिंकलेले. इकडे नंबर पहिला, तिकडे नाव नाही. सर म्हणाले, “तेचां नाव खंयच नाय. पण तो नसतो तर गाणां उभां रवलां नसतां.”

सर नुसतं बोलत नाहीत, करून दाखवतात. केसलने १९५५ मध्ये ज्युली लंडनच्या ‘क्राय मी अ रिव्हर’ला साथ केली तेव्हा संपूर्ण गाण्यात गायिका, एक गिटार आणि एक बास, एवढंच. तेच सरांनी आमच्या अंगणवाडीतल्या ताईंना एक जुनं भावगीत गायला लावून दाखवलं. पहिल्यांदा गिटार अखंड वाजत राहिली, ताईंचा आवाज तिच्याखाली दबला. दुसऱ्यांदा त्या गात असताना सरांची बोटं तारांवर नुसती टेकलेली. ताईंनी श्वास घेतला की त्या फटीत दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, आणि परत गप्प. भजनाच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या सामन्यात, चांगला पखवाजवाला बुवाचा शब्द पुरता होऊ देतो ना, तसंच. ताईंचा आवाज शेवटच्या ओळीला जरा चिरकला तर सरांनी खालून असा सूर धरला की त्या सावरल्या, आणि ते ऐकणाऱ्याला कळलंही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दरवर्षी येतं, त्याला मी काय करू.

१९९२ मध्ये केसलला पक्षाघाताचा झटका आला आणि वाजवणं थांबलं. २००४ मध्ये तो गेला. सरांनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि खाली बसले. त्यांना रडवायला आवडत नाही.

आता आभार. नावं घेतली की एखादं राहतं आणि मग वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, म्हणून कामावरून सांगते. बास वाजवायला सावंतवाडीहून आलेला ऑर्केस्ट्रातला मुलगा, ज्याने एसटीचं भाडंही घेतलं नाही. माइकवाले दादा, ज्यांनी दोनदा सांगितल्यावर का होईना, शिट्टी बंद केली. खुर्च्या लावणारी बारावीची पोरं. रांगोळीवाल्या दोघी बहिणी. उसळ, वडे आणि सोलकढी केलेल्या काकी, आणि त्यांना नारळ खवून देणाऱ्या त्यांच्या सूनबाई, ज्यांचं गेल्या खेपेला राहिलं होतं. खाऱ्या हवेने तारा गंजतात म्हणून सरांच्या गिटारीला ऐनवेळी गोव्यातून नवा संच आणून देणारे डॉक्टर. रात्री सभागृह झाडून चावी पोचवणारे शिपाईमामा.

यंदाची तारीख जत्रांची यादी समोर ठेवून ठरवली आहे, त्यामुळे कुणाला सबब नाही. सरांनी वादक कोण ते अजून सांगितलेलं नाही. आणि हो, जनरेटरला डिझेल घालणारा पेट्रोलपंपावरचा पोरगा. तो राहिलाच होता.