तुम्ही विचारलंत म्हणून: केसांना काय लावतेस?

लिफ्टमध्ये, ऑफिसच्या पँट्रीत, लग्नात अक्षता पडून जेवणाच्या रांगेत उभं असताना, आणि एकदा तर पीएमपीच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या काकूंनी खांद्यावर टकटक करून विचारलं होतं, "अगं, केसांना काय लावतेस?" गेली पाच-सहा वर्षं मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्यांपैकी निम्म्या जणींचे स्वतःचे केस माझ्यासारखेच कुरळे असतात, उरलेल्या बहुतेक कुरळ्या केसांच्या लेकींच्या आया असतात. दोन मजल्यांच्या प्रवासात जमेल तेवढं सांगते, पण ते अर्धवट राहतं आणि मग कोणीतरी मी वापरते तीच बाटली आणतं आणि आठवड्याने म्हणतं की माझ्यावर काही फरक पडला नाही गं. म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवते.

आधी एक सांगते, काय लावते याच्यापेक्षा कधी लावते हे जास्त महत्त्वाचं आहे. माझं सगळं काम केस चिंब ओले असताना होतं, पाणी टपटप गळत असताना. वाळलेल्या केसांना मी कंगवा लावत नाही, उगाच हात लावत नाही, धुवायच्या आधीचं तेल आणि अगदी शेवटचे दोन थेंब सोडले तर काही चोपडत नाही. हे एवढं कळायला मला वयाची २७ वर्षं लागली आणि ते कुणी आधी सांगितलं असतं तर शाळेची दहा वर्षं बरी गेली असती असं मला अगदी मनापासून वाटतं.

मी चिपळूणची. आमच्या घरी रविवारी न्हाणं, आदल्या रात्री खोबरेल तेल, सकाळी शिकेकाई, मग खसाखसा टॉवेलने पुसून, वाळले की बारीक दातांच्या कंगव्याने वरून खाली ओढून दोन वेण्या, लाल रिबिनी. आई गुंता काढायची तेव्हा मी खांबाला धरून बसायचे. कंगवा फिरला की केस पिंजलेल्या कापसासारखे फुलायचे आणि मग "झिंज्या आवर", "झिपऱ्या बांध" हे दिवसभर ऐकायचं, वर्गात पोरं मॅगी म्हणायची. आईची काही चूक नव्हती, तिला तिच्या आईने सरळ केसांची निगा शिकवली होती, तीच तिने मला दिली. केस वाईट नव्हते, कोरडे होते आणि त्यांना सरळ केसांसारखं वागवलं जात होतं, बास.

कोरडे का होतात तर टाळूतून जे नैसर्गिक तेल निघतं ते सरळ केसावरून सुर्रकन टोकापर्यंत उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणावळणावर अडतं, म्हणून मुळं तेलकट आणि टोकं सुकी असं एकाच डोक्यावर होतं. दुसरं म्हणजे केसाच्या आत हायड्रोजन बंध असतात, ते पाण्याने सुटतात आणि केस वाळला की परत जुळतात. म्हणजे केस ज्या आकारात वाळेल तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत राहतो. वाळताना तुम्ही टॉवेलने घासलंत, सारखे हात घातलेत, की विस्कटलेला आकारच पक्का झाला. हे मला समजलं त्या दिवशी बाकीच्या निम्म्या गोष्टी आपोआप समजल्या.

तर आता रूटीन. आठवड्यातून दोनदा धुते, साधारण बुधवार आणि रविवार. धुवायच्या आधी तास-दीड तास खोबरेल तेल, दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त टोकांना. तेलावरून मला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागतं, आजीच्या वयाच्या बायका विचारतात तेल लावत नाहीस का आणि ऑफिसातल्या मुली विचारतात तू अजून तेल लावतेस? लावते. खोबरेल तेलातल्या लॉरिक ॲसिडचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असतो म्हणून ते केसाच्या आत शिरतं, मिनरल ऑइल वरवर राहतं. २००३ साली मॅरिकोच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली तर केसातलं प्रोटीन कमी झिजलं ते खोबरेलनेच. आता मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, खोबरेल विकणारेच, हे लक्षात ठेवून वाचायचं, पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. मात्र तेल धुवायच्या आधी. धुतल्यावर फुललेले केस बसवायला तेल लावायची जी सवय असते ना, ती सोडा, त्याने केस चपटे आणि चिकट होतात, कोरडेपणा तसाच राहतो.

शॅम्पू फक्त टाळूला. सल्फेट, म्हणजे केसातलं तेल ओढून नेणारं फेसाचं रसायन, नसलेला घ्या, लेबलवर सोडियम लॉरिल सल्फेट पहिल्या दोन-तीन नावांत दिसलं तर बाटली खाली ठेवते मी. सिलिकोनचं, म्हणजे केसावर गुळगुळीत थर धरणाऱ्या रसायनांचं म्हणाल तर इंटरनेटवर जेवढी भीती घालतात तेवढी मला वाटत नाही, डायमेथिकोन वगैरे 'कोन'ने संपणारी नावं असतात ती, सौम्य शॅम्पूने ती पूर्ण निघत नाहीत आणि थर साचत जातो एवढाच प्रश्न आहे. मी टाळते, पण एखाद्या लग्नाला बहिणीचं सिरम लावलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

मग कंडिशनर, आणि इथे हात आखडता घेऊ नका. माझे केस खांद्याच्या खाली आहेत, मला एका वेळी लिंबाएवढा लागतो. कंडिशनर लावलेलं असतानाच बोटांनी गुंता सोडवायचा, टोकापासून वर वर, मुळापासून खाली नाही. मग मोठ्या दातांचा कंगवा एकदा फिरवायचा, रोज नव्हे, आठवड्यातून दोनदाच तो फिरतो. त्यानंतर ओंजळीत पाणी घ्यायचं, केस त्यात धरून खालून वर मुठीत दाबायचे. पचक पचक आवाज यायला पाहिजे. आवाज येत नसेल तर पाणी कमी आहे. दहा-बारा वेळा असं केलं की केस हाताला ओल्या शेवाळासारखे लागतात, बोटांतून सुळकन निसटतात, कोकणातल्यांना विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ आठवेल, अगदी तसेच. तो स्पर्श एकदा कळला की मग प्रमाण वगैरे विचारायची गरज उरत नाही.

आता जेल, वाळताना केसांचा आकार धरून ठेवायला. ह्याच्यावर मी थोडं जास्त बोलणार आहे कारण हीच गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि हिच्यावरच सगळ्या अडतात. मी जवसाचं जेल घरी करते. जवस म्हणजे अळशी, जिची आपण चटणी करतो तीच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम गॅसवर ठेवायचं आणि ढवळत राहायचं, समोरून हलायचं नाही कारण हे दुधासारखं उतू जातं आणि शेगडीवर सांडलं की घासताना जीव जातो. सहा-सात मिनिटांनी कडेला पांढरा फेस धरतो आणि चमचा वर उचलला की त्याच्यावरून लांब तार ओघळते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी. तिथे गॅस बंद. तुम्हाला वाटेल अजून पातळ आहे, आणखी दोन मिनिटं ठेवू. ठेवू नका. गार होताना ते दाट होतं, आणि आधीच दाट झालेलं जेल गाळणीतून उतरतच नाही, मी पहिल्या खेपेला पूर्ण पातेलंभर टाकून दिलं होतं. गरम असतानाच गाळायचं, चहाच्या मोठ्या गाळणीतून किंवा पातळ ओढणीच्या तुकड्यातून. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की टाकायचं, उगाच जिवावर आल्यासारखं करायचं नाही, पाव वाटी जवसाला पैसे ते किती पडतात. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर महिनाभराची सोय होते.

हे जेल गळत्या केसांवर. टॉवेल अजून कुठेही आलेला नाही हे लक्षात घ्या. दोन्ही तळव्यांना चोळून आधी केसांवरून वरवर फिरवायचं आणि मग परत तेच, खालून वर मुठीत दाबायचं. आणि आता पुसायचं, पण टर्किश टॉवेलने नाही. लोक मायक्रोफायबरचा टॉवेल घ्या म्हणतात, घ्या हवा तर, पण आपल्या घरात पंचा असतो ना? जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा. माझ्याकडे आबांचा एक आहे, त्यांच्या पूजेचा नव्हे, अंग पुसायचा, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तो पलंगावर पसरायचा, पुढे वाकून केस त्यात सोडायचे आणि गुंडाळून पंधरा मिनिटं ठेवायचं. घासायचं नाही.

मग सोडून द्यायचं. पंख्याखाली दीड-दोन तास, घाई असेल तर डिफ्युजर, म्हणजे ड्रायरच्या तोंडाला बसणारं, हवा पसरवणारं भोकांचं भांडं, लावून ड्रायर, कमी उष्णतेवर. वाळेपर्यंत हात घालायचा नाही, हे सगळ्यात अवघड आहे हे मला माहितीये. पूर्ण वाळले की केस कडक लागतात आणि इथेच बायका मला घाबरून फोन करतात की अगं ते काड्यांसारखे झालेत. होणारच. खळ घातलेली सुती साडी पहिल्या घडीला कशी कडकडीत असते आणि नेसून तासभर वावरलं की कशी अंगासरशी होते, तसंच आहे हे. हाताला दोन थेंब तेल लावायचं आणि केस मुठीत चुरगाळायचे, ती खळ मोडते आणि आतून मऊ गुंडाळ्या निघतात. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा आरशासमोर उभी राहून रडले होते, खरंच सांगते, कारण त्याच केसांना मी २०१४ साली साडेसहा हजार रुपये देऊन सरळ करून घेतलं होतं. ते एक सांगायचं राहिलं. भावाच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये स्मूदनिंग केलं, केस किती कमजोर होतील, वाढ कुरळीच येणार, काही कुणी बोललं नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तर सहा महिन्यांत डोक्यावर सहा सेंटिमीटर कुरळे आणि खाली सपाट झाडू, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथेच तुटायचे. स्मूदनिंग केलेला भाग परत कुरळा होत नाही, कुठलंही जेल लावा, कारण त्यात केसाचे पक्के डायसल्फाइड बंध तोडून नवीन आकारात बांधलेले असतात. वाढवायचे आणि कापत जायचे, एवढाच रस्ता. मला पावणेतीन वर्षं लागली.

पाण्याचं विचारता म्हणून सांगते. चिपळूणच्या विहिरीच्या पाण्यात माझे केस वेगळे असतात आणि इथे पुण्यात वाघोलीत टँकरचं बोअरचं पाणी आलं की वेगळे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, ते केसावर साचतं, केस राठ होतात आणि कितीही कंडिशनर लावा, आत जात नाही असं वाटतं. महिन्यातून एकदा हार्ड वॉटरसाठीचा, साचलेले क्षार काढणारा चिलेटिंग शॅम्पू वापरते आणि शेवटचा एक तांब्या फिल्टरच्या पाण्याचा. पावसाळ्यात ग्लिसरीन असलेलं काहीही बंद, ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं आणि कोकणात जुलैत हवेत ओलीशिवाय दुसरं असतंच काय, केस फुगून बसतात. तेव्हा जेल जरा जास्त घेते.

झोपताना सॅटिनचा अभ्रा आणि केस डोक्यावर वर सैल बांधून. दुसऱ्या दिवशी सकाळी ओला हात फिरवायचा, जिथे विस्कटलंय तिथे किंचित जेल, झालं. धुवायच्या दिवशी माझा एकूण वेळ वाळणं सोडून पंचवीस मिनिटं जातो, बाकीच्या दिवशी तीन.

कोणता टाइप आहे असंही विचारतात, २बी की ३ए, म्हणजे २ लाटांचे, ३ कुरळे, आणि अक्षर वळण किती घट्ट त्याचं. ते आकडे आंद्रे वॉकर नावाच्या अमेरिकन हेअर स्टायलिस्टने पाडलेत, ओप्रा विन्फ्रीचे केस करायचा तो. मला त्याचा फार उपयोग झाला नाही, माझ्या एकाच डोक्यावर तीन प्रकार आहेत. त्यापेक्षा एकदा करून बघा, केस धुवा, कंडिशनर लावा, धुऊन टाका आणि कंगवा न फिरवता, हात न लावता वाळू द्या. "माझे केस नुसतेच फ्रिझी आहेत" म्हणणाऱ्या किती जणींना त्या दिवशी कळलंय की आपले केस चांगले लाटांचे आहेत.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सात वर्षांची मुलगी आहे. तिची आई तिला मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे घेऊन आली, ताई, हिचे बारीक कापून टाकावेत का, रोज सकाळी रडारड होते. आम्ही तिघी बाथरूममध्ये बसलो, मी कंडिशनर लावून बोटांनी गुंता काढत होते आणि ती सारखी विचारत होती, झालं? दुखणार कधी? मला काही बोलता येईना. अर्ध्या तासात गुंता संपला, पंचा गुंडाळून ती बिस्किट खात बसली. संध्याकाळी खाली खेळायला केस मोकळे सोडून गेली.

तिच्या आईचा मग पुढचा प्रश्न, शाळेत तर दोन वेण्या लागतातच, त्याचं काय करू? घाला की वेण्या. सकाळी केसांवर पाणी मारायचं, थोडं जेल, बोटांनीच भांग पाडायचा आणि सैल घालायच्या, कपाळाच्या कडेचे केस ताणून चापूनचोपून नाही, रोज ताणले की तिथले केस विरळ होत जातात. शाळेतून आली की सोडायच्या आणि ओला हात फिरवायचा.